सावकाश जा, दादा

इन्स्पेक्टरबाईंनी अजून एकदाही नाक मुरडलं नव्हतं. ब्रेक झाले, दिवे झाले, हॉर्न वाजवून झाला, टायरच्या नक्षीवरून अंगठा फिरवून झाला. टॅक्सीवाला त्यांच्या मागे मागे फिरत होता, लेकीला परीक्षेला घेऊन आलेल्या बापासारखा. गाडी पास झाली तर सोमवारपासून शाळेची मुलं न्यायची-आणायची होती. वर्षभराचं बांधलेलं काम. नापास झाली तर शाळेने दुसरी गाडी बघूनच ठेवली होती.

बाईंनी काचेवर पाणी मारायला लावलं. वायपरची रबरं त्याने मुद्दाम नवी घातली होती. पाणी एका फटक्यात साफ झालं. आता फक्त सही राहिली, असं त्याने मनात धरलंही.

"वर ही पट्टी कसली?" बाईंनी विचारलं.

पुढच्या काचेच्या वरच्या कडेला, ड्रायव्हरशेजारच्या बाजूला, वीतभर रुंदीची निळी पट्टी होती. बाहेरून 'दादाची गाडी', आणि त्याच जागी आतून, बसणाऱ्यांना वाचता येईल अशी दुसरी, 'सावकाश जा, दादा'. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तर तो टपलेलाच असायचा. बारक्याने लावलीय, त्याने सांगितलं. धाकटा भाऊ. एक दिवस गाडी मागून घेऊन गेला, आणि परत आणली ती धुऊनपुसून, टाकी भरून, वर हे. एका शब्दाने आधी सांगितलं नाही. बाईंनी यातलं काहीही विचारलं नव्हतं.

आईला त्या दिवशी भरून आलं होतं, तेवढं मात्र त्याने सांगितलं नाही. बारक्याला घरात कुणाचंच काही पडलेलं नाही, असं इतकी वर्षं तोच म्हणत आला होता. आईने पट्टीवरून हात फिरवत त्याला सुनावलं, "आता तरी त्याच्या नावाने बोटं मोडायचं बंद कर." त्याने बंद केलं. वर मनातल्या मनात बारक्याची माफीही मागितली. तेव्हापासून रोज सकाळी गुडघ्याच्या व्यायामाला जाताना आई मागे बसेनाशी झाली. पुढे बसायची, मान वर करून ती अक्षरं एकदा मोठ्याने वाचायची, मगच पट्टा लावायची.

बाईंनी पट्टीवरून नख फिरवलं. मध्येच थांबून परत फिरवलं.

"इथे खालून काहीतरी लागतंय."

बारक्याचा हात तेवढा सफाईदार नाही, टॅक्सीवाला हसून म्हणाला. घाईत लावली असेल, चुणी राहिली असेल.

"काढा."

त्याने बाहेरच्या पट्टीचा कोपरा नखाने उचलला. फाटू नये म्हणून अगदी हलक्या हाताने ओढत राहिला. घरी नेऊन कपाटाला चिकटवू, असंही ठरवून झालं.

पट्टीखाली तडा होता. मध्ये टिचलेला खड्डा आणि तिथून दोन्हीकडे धावत गेलेली रेघ. रेघेची दोन्ही टोकं पट्टीच्या आतच संपत होती. पट्टी अंदाजाने कापलेली नव्हती. हात चांगला सफाईदार होता. आणि एकाला दोन पट्ट्या का, आतून वेगळी आणि बाहेरून वेगळी का, तेही आता त्याला कळलं.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. स्वतःच्याच कानाला ते खोटं वाटलं. बाईंनी असे पुष्कळ पाहिले असावेत. त्या लिहायला लागल्या.

त्याने बाजूला जाऊन बारक्याला फोन लावला. काच नापास झाली, एवढंच म्हणाला.



"तडा वाढला का रे, दादा?"

तड्याचं नावही टॅक्सीवाल्याने काढलं नव्हतं. बारक्याच मग भडाभडा बोलत सुटला. पुढच्या ट्रकच्या चाकातून दगड उडाला, त्यात त्याचा काय दोष. सांगणारच होता, पण दादा आधीच त्याच्यावर कावलेला. शिवाय पट्टी लावल्यावर सगळे इतके खूश झाले की मग सांगायचं राहूनच गेलं.

"आईला सांगू नकोस हं," तो शेवटी म्हणाला.

"आई रोज त्याच्याखालीच बसते, बारक्या."

"आतूनही लावलीय ना, तिच्या अंगावर काही पडायचं नाही."

टॅक्सीवाल्याने फोन बंद केला. बाईंनी कागद त्याच्या हातात दिला. नवी काच बसवा आणि परत नंबर लावा, म्हणाल्या. शाळा तोवर थांबणार नव्हती, हे त्यांना सांगण्यात काही अर्थ नव्हता.

तो गाडीत येऊन बसला. आतली पट्टी डोळ्यांसमोरच होती. इतका वेळ आवरलेला संताप एकदम हातात उतरला, आणि त्याने वाकून 'दादा'च्या बाजूच्या कोपऱ्यात नख खुपसलं.

बाईंनी बाहेरून खिडकीवर टकटक केली.

"ती आत्ता नका काढू," त्या म्हणाल्या. "काचेचा चुरा अंगावर येईल. घरी पोचेपर्यंत राहू द्या, काच तिनेच धरून ठेवलीय."

त्याने नख काढून घेतलं. गाडी सावकाशच न्यावी लागली.