गिरधरच्या गच्चीवरचा झेंडा

फोन ठेवला आणि अभिमनआबांना वाटलं, आपण घाईच केली.

समोर गिरधरच्या गच्चीवर तो झेंडा फडफडत होता. निळा, मधून पिवळा पट्टा, कोपऱ्यात पांढरी चांदणी. दोन दिवस त्याने सगळ्या गल्लीला कामाला लावलं होतं. कोणी म्हणे नवा पक्ष, कोणी म्हणे गिरधरने कुठल्या बाबाचा पंथ धरला. गिरधरच्या बायकोने, बेबाबाईंनी, तो घरच्याच मशीनवर शिवला, एवढं आबांच्या कारभारणीने, कोकिळाअक्कांनी, खिडकीतून पाहिलं होतं. खुद्द गिरधरला कोणी विचारलं? छे! आपल्याकडे माणसाला सोडून त्याच्याबद्दल बाकी सगळ्यांना विचारतात. शेवटी आज सकाळी नातवाने, चंदनने, मोबाईलवर फोटो टाकून शोधलं. झेंडा परक्या देशाचा निघाला. आबांचं डोकंच फिरलं. कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादमी केलेला माणूस. आधी ओरडायचं, मग चौकशी करायची, ही जुनी खोड. त्यांनी सरळ पोलिसांना कळवलं.

आता त्यांना चैन पडेना. बसले की उठत, उठले की दारात जाऊन फाट्याकडे बघत. अक्कांचा पाय मोडला तेव्हा पेरणी टाकून त्यांना धुळ्याला नेणारा हाच गिरधर. त्याला जीपमध्ये घालून नेलं तर बेबाबाईंना कोणतं तोंड दाखवायचं? आबांनी पायात चपला सरकवल्या आणि रस्ता ओलांडला.

गिरधर ओट्यावर बसला होता. धुतलेला सदरा, नुकतीच केलेली दाढी. आत बेबाबाई कपबशा विसळत होत्या.

"गिरधर, तो झेंडा खाले उतार भो. पोलिस यी ऱ्हायनात."

"येऊ द्या."

"अरे, पन शे कसाना तो?"

"मना पियुषना जहाजना शे, आबा."

गिरधरचा मुलगा पियुष जहाजावर नोकरीला आहे, हे गल्लीला ठाऊक होतं. मालकाने हात वर केलेत, पगार बंद आहे, दिवाळीपासून पोरं कुठल्याशा दूरच्या बंदरात अडकून पडलीत, प्यायचं पाणीसुद्धा मोजून मिळतं, हेही गिरधरने आबांना सांगितलं होतं. तेव्हा आबा 'व्हई बठ्ठं बराबर', होईल सगळं नीट, एवढं म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. गिरधर कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिला. जिथे जाई तिथे एकच उत्तर. जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशाला विचारा.

आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोराच्या काळजीने बापाने झेंडा लावला, आणि आपण त्याला देशाचा वैरी ठरवून मोकळे झालो.

तेवढ्यात जीप गल्लीत वळली. दारादारांत माणसं उभी राहिली. दोघंतिघं तर मोबाईल वर धरून पळत आले. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"गिरधर, माले माफ कर. तो फोन मीच करा व्हता."

"तुमना व्हता?" गिरधरने आबांचे दोन्ही हात घट्ट धरले. त्याचे डोळे भरून आले. "देव तुमनं भलं करो, आबा. कचेरीमा कोनी आयकं नही, आते यास्ले तरी पियुषनं आयकनं पडी. दोन दिनपाईन वाट दखी ऱ्हायनू, कोनीतरी पोलिसले फोन करी म्हनीसन."