गाळाचं गाव

“चिखलाचे पाय घेऊन घरात येऊ नकोस!” आई पडवीतूनच ओरडली. खाडीतल्या गाळाचे नमुने घेऊन आलेली शलाका मुकाट्याने पायरीवर टेकली. खाडी भरत चालली होती, होड्या रुतत होत्या. हा गाळ येतो कुठून, ते शोधणं हे तिचं काम.

“लागला का तुझ्या चोराचा पत्ता?”

“लागला. प्रत्येक डोंगराच्या मातीत धातूंचं प्रमाण वेगळं असतं. आधीच्या नमुन्यांतलं ते लॅबमध्ये जुळवून पाहिलं.” शलाका अडखळली. “हा गाळ शिरसोलीच्या डोंगराचा आहे, आई. दरड कोसळली तिथला.”

त्या दरडीखाली आईचं माहेर गेलं होतं. पूर्वी तिकडचं कोणी आलं की ती दारातच गूळपाणी द्यायची. दरडीनंतर यायला कोणी उरलंच नव्हतं.

ती आत गेली. शलाकाने पाय धुवायला तांब्या उचलला.

“थांब, धुवू नकोस इतक्यात.” आई गुळाचा खडा आणि पाण्याचं फुलपात्र घेऊन उंबऱ्यात उभी होती.

“मला कशाला गं? मी तर रोजचीच.”

“तुला नाही,” म्हणत आईने गूळपाणी तिच्या चिखलाच्या पायांशी ठेवलं.