मोठ्या मनाचे मधुकरराव

“माणसाचीच हाय का जी, गुरुजी?” पोलीस पाटील यादोरावांनी विचारलं.

मारुतीच्या पारासमोर पोत्यावर कवटी ठेवली होती. गाव तिच्यापासून दहा हात लांब बसलं होतं. मधुकरराव गुरुजी तेवढे खुर्चीवर होते, कारण ते हायस्कुलात विज्ञान शिकवत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि शास्त्रीय गांभीर्याने सांगितलं, “माणसाचीच.”

हे खरं होतं. फक्त अर्धंच होतं. उरलेलं अर्धं असं, की कवटी हायस्कुलाच्या प्रयोगशाळेतली होती आणि तिथून ती गुरुजींनीच नेली होती. सानगडीच्या बाजाराला जाणारे लोक त्यांच्या भाताच्या बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाट काढत आणि पिकल्या धानाच्या लोंब्या झडत. कुंपणाला खर्च होता, भुताला नव्हता. गुरुजींनी तणसाचं, म्हणजे धानाच्या पेंढ्याचं, धड केलं, त्याला जुनं धोतर गुंडाळलं आणि वर ही कवटी बसवली. पहाटेच्या धुक्यात ते असं काही उभं राहिलं, की करणाराच दचकला, घरी गेला आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही. बोंब व्हायची भीती नव्हती. कपाटाची किल्ली त्यांच्यापाशीच असे. मुलांनी कवटी पाहिली होती ती पुस्तकातल्या चित्रात.

तिसऱ्या दिवशी गुराखी टिकारामला ते दिसलं. तो किंचाळत घरी आला, तापानं फणफणला आणि आठवडाभरात गेला. गुरुजी अंत्ययात्रेला गेले. तिथे त्यांना फार वाईट वाटलं, विशेषतः स्वतःबद्दल. एवढं ओझं एकट्यानं वाहणं म्हणजे काय, हे या अडाण्यांना कधी कळणार नाही, असं त्यांच्या मनात आलं.

आणि आज कवटी सापडली ती चंद्रभागाबाईच्या घरात. धानाच्या ढोलीमागे, धुतलेल्या फडक्यात बांधलेली. बाई म्हातारी, विधवा, एकटी. करणी केल्याचा आळ घ्यायला लागतं ते सगळं तिच्यापाशी होतं.

“माह्या मालकाले खाल्लं हिनं!” टिकारामची बायको पुष्पाबाई छाती पिटत होती.

“कुठून आणली वो, बाई?” यादोरावांनी विचारलं.

“धुऱ्यावरून काढून आणली. आखीन कोणी भेवू नये म्हून.”

“अन् घरात काहून लपवली?”

चंद्रभागाबाईनं गुरुजींकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. गुरुजी आपल्या चपलेचा अंगठा तपासत होते.

“नाई सांगत,” ती म्हणाली.

“सांगन कशी? करणीवाली हाय ते!” मागून ईश्वर नावाचा एक तरणा ओरडला. “जाळा घर तिचं!”

ठरलं. दिवस बुडायच्या आत तिनं गाव सोडायचं, घराला काडी लावायची.

तेव्हा गुरुजी उठले. गलका थांबला. त्यांनी पुन्हा चष्मा काढला, पुसला, लावला. असा क्षण माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो, हे त्यांनाही कळत होतं.

“गावकरी हो,” ते म्हणाले, “बाई अडाणी आहे. चूक झाली तिच्या हातून. आपण मोठ्या मनानं तिला माफ करू.”

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. “पाहा लेकहो,” यादोराव म्हणाले, “शिकलेला माणूस असा असते!” पुष्पाबाईनंसुद्धा छाती पिटणं थांबवलं. बाईनं गुरुजींच्या पाया पडावं आणि कवटीची विल्हेवाट गुरुजींनीच लावावी, असं सर्वानुमते झालं.

चंद्रभागाबाई वाकली. त्यांच्या पायावर डोकं टेकवून, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाली, “कपाटाच्या वरच्या खणात ठेवजा, गुरुजी. माहे मालक शाळेत चपराशी होते तवा तिथंच ठेवत, पुसूनपुसून. मी तुमच्याकडंच आणून देणार होती. गावाले समजलं असतं तं तुमची नोकरी गेली असती.”

मधुकररावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिला आशीर्वाद दिला.