झेनॉनची पूजा

खंडेनवमीला आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेतल्या उपकरणांची पूजा करतो. त्या वर्षी सूक्ष्मदर्शकाशेजारी मी झेनॉनचा दिवा मांडला. मोखाड्याच्या भंगारवाल्याकडे एका बंद पडलेल्या टॉकीजच्या प्रोजेक्टरचे असले दोन दिवे मिळाले होते. मुलांना सांगितलं, "आतला वायू निष्क्रिय आहे. बिनधास्त हात लावा."

वर्गातल्या रोहिणीने दिव्याला कुंकू लावलं. मी नारळ उचलला, तेवढ्यात लक्ष्मण दारात आला. हा आमच्या रुचिराचा बाप, ठाण्याला टॉकीजमध्ये ऑपरेटर. सणासाठी एसटीने जव्हारला उतरला तो थेट लेकीला न्यायला. दिवा दिसताच त्याने तोंडासमोर हात आडवा धरला.

"सर, नारळ आपटू नका. पोरींनो, मागं व्हा. हळू."

"अरे, निष्क्रिय वायू तो. कुणाला काही करत नाही."

"वायू नाही करत. पण दाबून भरलाय. न पेटवतासुद्धा काच फुटते. आमच्यात तोंडाला जाळी बांधल्याशिवाय कुणी हात लावत नाही. माझ्या जोडीदाराचे दोन्ही डोळे गेले, सर."

श्वास रोखून त्याने दिवा जाड सतरंजीत गुंडाळला आणि लोखंडी पेटीत ठेवला.

"वाचलो," तो घाम पुसत म्हणाला. "रुचिरा कुठं दिसत नाही?"

रोहिणी म्हणाली, "काका, ती मघाशीच घरी गेली. दुसरा दिवा सरांनी तिला दिलाय. बाबांच्या कामाची वस्तू आहे, तिच्यापुढे नारळ वाढवायचा म्हणाली."