घरची भाजी

“मावशी, काकांना पालक कोण खाऊ घालतं?” रक्ताचा रिपोर्ट हातात धरून सिस्टर करिष्मानं विचारलं.

“मीच,” रुख्मिणी म्हणाली. कुणी विचारलं याचंच तिला बरं वाटलं. “घरचा हाय. फवारा नाही, काही नाही. टमाटे घरचे, चवळी घरची, शेवगा बी घरचा.”

करिष्मा हसली नाही.

पलीकडच्या खाटेवर हिंमतराव डोळे मिटून पडले होते. हाताला दोन नळ्या, उशाशी घरघरणारं मशीन. शेगावच्या या डायलिसिस सेंटरात ते दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. सोबत पुतण्या असायचा. आज त्याचा पेपर होता, म्हणून त्यांची बायको रुख्मिणी पहिल्यांदाच आली होती.

“पोटॅशियम साडेसहा आहे. मागच्या महिन्यात सहा होतं. हे वाढत गेलं की हृदय अचानक बंद पडू शकतं, मावशी. पालक, टमाटे, शेवगा, सगळं मना आहे काकांना. पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.”

“कोणाले?”

“त्यांनाच.”

करिष्मानं फाईलमधला कागद काढून दिला. रुख्मिणी सातवीपर्यंत शिकलेली. तिनं एकेका नावाखाली बोट फिरवलं. पालक. टमाटे. चवळी. शेवग्याच्या शेंगा. तिच्याच अंगणातून कुणी फिरून येऊन लिहावी तशी यादी होती. खाली नवऱ्याची सही. तारीख सप्टेंबरातली.

सप्टेंबरात तिच्या अंगणात जुना शेवगा सोडला तर काडीही नव्हती. आषाढात त्यांची एकुलती एक प्रतीक्षा डेंग्यूच्या तापानं चार दिवसांत गेली. तेव्हापासून रुख्मिणी भिंतीकडे तोंड करून पडली होती. जाऊ ताट आणून ठेवायची, तसंच परत न्यायची. नवऱ्याच्या किडन्या गेल्याचं तिच्या कानावर पडलं, पण आत शिरलं नाही. मग दसऱ्याच्या सुमारास शेजारची पंचफुला म्हणाली, “बाई, तो माणूस वाळून चालला. घरचा हिरवा भाजीपाला खाऊ घाल, रगत वाढते.” त्या दिवशी रुख्मिणी उठली.

संग्रामपूर तालुक्यातल्या त्यांच्या गावात बोअरचं पाणी खारट. त्या पाण्यावर मेथीसुद्धा पिवळी पडायची. रुख्मिणीनं तांदूळ आणि डाळ धुतलेलं पाणी साठवायला सुरुवात केली. सेंटरात फेकून देतात ते औषधाचे रिकामे कॅन तिनं मागवून घेतले, वरून कापले, तापल्या खिळ्यानं बुडाला भोकं पाडली. अर्धी माती, अर्धं शेणखत, वर मूठभर राख. टमाट्यावर मावा आला तेव्हा आंबट ताकात केरसुणी बुडवून तिनं पानं झटकून काढली. गल्लीतल्या बायका पाहायला येऊ लागल्या. ती त्यांच्याशी बोलू लागली. आणि हिंमतराव रोज ताटावर बसून म्हणायचे, “वाढ अजून.”

एस.टी.नं घरी आल्यावर हिंमतराव ओट्यावर टेकले. ती समोर उभी राहिली.

“कागद तुमच्यापाशी होता.”

“हाव.”

“सही बी केली.”

“केली.”

“मंग काऊन खाल्लं?”

हिंमतरावांनी सुजलेले पाय ओट्यावर घेतले.

“तीन महिन्यानं तुनं चूल पेटवली होती,” ते म्हणाले. “बाजारातून पालक आणून शिजवला. ताट ठेवलं अन् माह्या तोंडाकडे पाहून राह्यली होती. मी काय म्हणू, मले चालत नाही?”

“दुसऱ्या दिवशी सांगाचं होतं.”

“दुसऱ्या दिवशी तू खत कालवून राह्यली होती. मी तं तसाही जाऊन राह्यलो व. या गावातून ह्या बिमारीनं किती गेले, आपण दोघायनंही पाह्यले. पोरगी गेली तं तू तशी पडली. मी गेल्यावर तुले उठाले काही तरी पाह्यजे होतं.”

रुख्मिणीनं पदर खोचला. पालकाचा पहिला कॅन तिनं उपडा केला, मग दुसरा. लाल टमाट्यांनी लगडलेली झाडं मुळासकट उपटली. चवळीचा वेल ओढला तेव्हा त्यासोबत कुंपणाच्या काड्याही निघून आल्या. घरातून कोयता आणून तिनं शेवग्याच्या बुंध्यावर घाव घातला. शेवगा ठिसूळ झाड. चौथ्या घावाला आडवा झाला.

“असं नको करू व,” हिंमतराव ओट्यावरून म्हणाले. त्यांना उठवत नव्हतं. “गल्लीत वाटून दे. झाडाचा काय गुन्हा?”

ती थांबली नाही. पंचफुला दारात आली आणि माघारी फिरली. थोड्या वेळानं अंगणात उभं असं काही उरलं नाही. मातीनं भरलेल्या हातांनी रुख्मिणी खाली बसली. चार महिने रोज दोन वेळा आपण या माणसाला काय वाढत होतो, हे तिला आता एकेक घास करून दिसत होतं. ती रडली नाही. घरात जाऊन पडावं असं तिला वाटलं. दार उघडंच होतं. ती उठून दारापर्यंत गेली, उंबऱ्याशी उभी राहिली आणि परत फिरली.

उपडा पडलेला एक कॅन तिनं सरळ केला. सांडलेली माती ओंजळीनं परत आत भरू लागली.

“उद्या दोडक्याचं बी लावीन,” ती नवऱ्याकडे न पाहता म्हणाली. “सिस्टर म्हणे, ते चालते. बारीक चिराचं, उकडाचं, पाणी फेकून द्याचं.”

“दोडक्याले दोन महिने लागतात,” हिंमतराव हळूच म्हणाले.

“मंग थांबा दोन महिने.”