ड्रॅगनची प्रार्थना

सलोमीबाईंना काढलं, तर चर्चचं संडे स्कूल शांतवनकाकांच्या हाती येणार होतं. कमिटीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलांच्या श्रद्धेची काळजी मात्र काका एकटेच करत होते.

बाई मुलांना वाचून दाखवत त्या गमतीदार पुस्तकमालेचा तिसरा भाग काकांनी कमिटीच्या बैठकीत उघडला. "यात ड्रॅगन प्रार्थना करतो, पाळकसाहेब! ऐका आणि ठरवा." बाई पदराचं टोक पिळत बसल्या. व्हरांड्यात पोरं दाराला कान लावून होती.

काका उभे राहिले. उभं राहून वाचायचं म्हटलं की त्यांना उपासनेतलाच सूर लागे. "हे दयाळू पित्या, उद्याचा शूरवीर चिलखताशिवाय पाठव. माझे दात आता पूर्वीसारखे राहिले नाहीत."

"आमेन!" सवयीनं सगळी कमिटी म्हणाली. सगळ्यांत मोठ्यानं पाळकसाहेब.

मग पाळकसाहेबांनाच हसू फुटलं. "आता आमेन म्हणून बसलो, काका. पुस्तकं बंद करायची कुठल्या तोंडानं?"

बाई राहिल्या, पुस्तकंही राहिली. भुर्दंड पडला तो काकांच्या झोपेला: पोरांच्या हट्टापायी दर रविवारी दुपारी बाईंच्या वर्गात ड्रॅगनचे संवाद काकाच वाचतात.