आहेस का?

नव्यांना संगणकाच्या जाळ्यातले शब्द समजावताना बाईंच्या तोंडाला फेस यायचा. मोडेम आणि घरभर इंटरनेट वाटणारा राउटर यांतला फरक सांगण्यात कालचा तास गेला होता. आज पिंगची पाळी होती.

"पिंग म्हणजे नुसती हाक हो! दूरच्या यंत्राला विचारायचं, 'आहेस का?' ते म्हणतं, 'आहे.' संपलं."

क्लास सुटला तरी मागच्या बाकावरचे काका हलेनात. त्यांनी चष्म्याच्या घरातून घड्या पडून मऊ झालेली चिठ्ठी काढली. तिच्यावर मुलाच्या राउटरचा नंबर होता; नव्या घरी इंटरनेट घेतलं तेव्हा त्यानेच कौतुकाने लिहून दिलेला. एका बोटाने एकेक आकडा शोधत काकांनी तो टाइप केला.

पडद्यावर टपाटप चार उत्तरं आली.

"दोन वर्षं झाली, फोन उचलत नाही पोरगा," काका डोळे पुसत म्हणाले. "पण आहे हो. सुखरूप आहे! बाई, उद्यापासून जरा लवकर येत जाऊ का?"

"या ना," बाई म्हणाल्या.



बाईंच्या वहीत उद्याच्या धड्याची पहिली ओळ तयार होती: 'उत्तर यंत्र देतं, घरात माणूस असो वा नसो.' त्यांनी ती खोडून टाकली.